ठमाबाईच्या माडीवरचे गोरे

आमच्या सासूबाई, म्हणजे नेऱ्याच्या ठमाबाई घरत, यांनी अख्ख्या जन्मात स्वतःचा एक शब्द कुणासाठी बदललेला नाही. पनवेलच्या कचेरीत साहेबांशी ज्या आगरी बोलीत बोलतात, त्याच बोलीत घरी म्हशीशी बोलतात. म्हशीशी जरा आदरानेच. मी किशोरी, त्यांची एकुलती एक सून. लग्न होऊन आले तेव्हा मी त्यांना म्हटलं, "आई, लोकांसमोर तरी 'हाय-नाय' नका करू." त्या म्हणाल्या, "का गो? लोका बहिरी हायती का?" विषय संपला.

बंगला झाल्यावर माडी भाड्याने द्यायची ठरली. आमच्या आळीत भाडेकरू म्हणजे विमानतळाच्या कामावरचे इंजिनिअर नाहीतर नवीन लग्न झालेली जोडपी. आमच्या नशिबी आलं अमेरिकेतलं मिशनरी कुटुंब! जोएल साहेब, त्यांची बायको मार्था आणि कडेवर वर्षाची हॅना. साहेब तिकडच्या कुठल्याशा मंडळीने, म्हणजे चर्चने, पाठवलेले. डोंगराखालच्या वाड्यांवर जाऊन येशूबद्दल सांगायचं, हे त्यांचं काम. माझा नवरा निकेश घाबरला, शेजारच्या गोदूकाकूंनी तर जाहीरच करून टाकलं, की वर्षभरात ठमाबाय बाटणार. सासूबाईंनी फक्त पोरीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पोर सुकलीय. भात देत नाय का तिला?" झालं, माडी दिली.

साहेबांची दिनचर्या सांगते. सकाळी गिटार पाठीला लावून सेकंडहँड स्कूटरवरून निघायचे. वाडीवर लोक बाजलं टाकायचे, कोरा चहा द्यायचे, दोन गाणी ऐकायचे आणि मान हलवून म्हणायचे, "बरोबर हाय साहेब." साहेब खूश. दुसऱ्या दिवशी बघावं तर येशूची तसबीर भिंतीवर, एकविरा आईच्या शेजारी, ट्रॅक्टर कंपनीच्या कॅलेंडरखाली. हार तिघांनाही! एवढ्या वर्षांत साहेबांना कुणी नाही म्हटलं नाही, आणि त्यांच्या धर्मात कुणी गेलंही नाही. नाही म्हणणारा माणूस निदान वाद तरी घालतो हो. बरोबर हाय म्हणणाऱ्याचं करायचं काय?

मार्था वर बसून मराठीचं पुस्तक वाचायची. "ही माझी लेखणी आहे," असं मला रोज ऐकवायची. हॅना मात्र खाली. सासूबाईंच्या मागे गोठ्यात, परड्यात, चुलीपाशी. पाच वर्षांची होईतो ती पोर अशी आगरी बोलायला लागली, की मासळीवाली दारात आली तर आधी हीच भाव करायची. "बोंबील ताजं नाय, कनाला आनलंस?" असं त्या पिवळ्या केसांतून ऐकलं की मासळीवाली पाटी खाली ठेवून हसत बसायची. सासूबाईंना ती आये म्हणायची, आणि सासूबाई तिला हनाबाय.

आणि आमची अंकिता? इंग्लिश मीडियम, नववी. आजी काय बोलते ते तिला निम्मं कळत नाही, उरलेलं कळून घ्यायचं नाही. "मम्मा, व्हॉट इज शी सेइंग?" असं माझ्या तोंडाकडे बघून विचारते. आजीसमोर! सासूबाईंनी बरीच वर्षं बोलून पाहिलं. मग गप्प झाल्या. निकेश दिवसभर साईटवर, मी बँकेत. म्हणजे त्या घरात त्यांच्याशी त्यांच्या बोलीत दिवसभर बोलणारं माणूस एकच उरलं, तेही अमेरिकेचं. काय म्हणावं आता!

गोऱ्यांचे सण आमच्या घरी साजरे होत, म्हणजे काय होत तेही ऐका. पहिल्या ईस्टरला मार्थाने हौसेने अंडी उकडली, रंगवली, त्यांवर लाल फुल्या काढल्या आणि पहाटे अंगणात कोपऱ्याकोपऱ्यात लपवली. त्यांच्यात पोरं ती शोधून काढतात म्हणे. शोधली सासूबाईंनी. चार कोपऱ्यांत लाल फुलीची अंडी! अगं बाई! करणीच की! त्यांनी ताबडतोब भगत बोलावला. भगताने धूप घातला, घुमला आणि सांगितलं, "करनारा लांबचा हाय. पान्यापल्याडचा." अर्धी आळी जमली. साहेब वरून हात हलवत होते. आपल्या सणाला एवढी गर्दी झालेली त्यांनी पहिल्यांदाच पाहिली.

असं सगळं सुखाने चाललं होतं. मग गेल्या नोव्हेंबरात मार्था माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडायला लागली. साहेबांना पाठवणाऱ्या मंडळीचा मोठा साहेब येणार होता, खास त्यांच्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला. थँक्सगिव्हिंग म्हणजे देवाचे आणि एकमेकांचे आभार मानायचा सण. पण मोठा साहेब आभार मानायला येत नव्हता. चार वर्षांत किती माणसं जोडली ते बघायला येत होता. एकही नसेल तर जोएल साहेबांना कुटुंबासकट परत बोलावणार होता.

मी हे सासूबाईंना सांगितलं. त्या लसूण सोलत होत्या. सोललेली पाकळी त्यांनी सालांत टाकली.

"हना पन जायाची?"

"आई, आईबाप जाणार तर पोर काय इथे राहील?"

त्या तशाच उठल्या, जिना चढल्या आणि जोएल साहेबांसमोर कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "साहेब, तुमच्यान मानूस घेतात म्हंजे पान्यान बुडवतात ना? मग मनाच बुडवा. नाशकाला बुडी मारलीय, पैठनला मारलीय. तुमच्या देवाची आनखी एक. मोठ्या साहेबाला दाखवा, हे बग, गावली एक."

हॅनाने भाषांतराला तोंड उघडलं, पण साहेबांना आधीच कळलं होतं. साहेब लालबुंद झाले. म्हणाले, "आये, असं चालत नाही. विश्वास पाहिजे."

"हाय ना इस्वास! आमी कुनावर ठेवला नाय? सगल्यांवर हाय."

"फक्त एकावर पाहिजे."

"एकावर?" सासूबाईंना ते फारच कंजूषपणाचं वाटलं. पण साहेब ऐकेनात. खोटं दाखवायचं नाही म्हणाले. माणूस भाबडा, पण सरळ. मला त्या दिवशी त्याचा राग आला आणि आदरही वाटला.

मग आली टर्की, त्यांच्या या सणाचा मानाचा पक्षी. मार्थाने मुंबईच्या कुठल्या दुकानातून मागवली. गोठवलेली, एवढी थोरली की तिच्या फ्रीजमध्ये मावेना. मंगळवारी ती आमच्या फ्रीजमध्ये आली. सासूबाईंनी तिच्या मांड्या चाचपून कौतुकही केलं. बुधवारी संध्याकाळी मी घटाची तयारी काढली आणि सासूबाई किंचाळल्या. उद्या मार्गशीर्षातला पहिला गुरुवार! त्यांचा सणही कायमचा गुरुवारीच. घरात महालक्ष्मीचा घट मांडायचा, आणि फ्रीजमध्ये ते धूड!

तुम्ही म्हणाल, आगऱ्यांच्या घरी मांसाचं एवढं काय? अहो, आमच्यात मासळीशिवाय घास उतरत नाही, पण मार्गशीर्षातल्या गुरुवारी घरात अंड्याचं कवच चालत नाही. "माज्या घरान उद्या कोंबडा शिजनार नाय," सासूबाई म्हणाल्या, "मोठा साहेब येवदे नायतर त्याचा बाप."

घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं! मी टर्की घेऊन गोदूकाकूंकडे गेले. त्यांनी दार लावून घेतलं. मग पुढच्या घरी, त्याच्या पुढच्या घरी. जी आळी एरवी वासावरून ओळखते कुणाकडे सुकट भाजलीय, त्या आळीत एक फ्रीज टर्कीला जागा देईना. शेवटी निकेशने ती गाडीत घातली आणि गुरुदत्तच्या फार्महाऊसवर ठेवून आला. गुरुदत्त त्याचा मित्र, त्याला ना गुरुवार ना शनिवार. सकाळी साहेबांनी एखाद्या हॉटेलात भाजून घ्यायची, बाहेरच खायची, असं ठरलं.

रात्री गुरुदत्तकडे पार्टी होती हे निकेश विसरला होता. सकाळी फोन केला तर गुरुदत्त म्हणाला, "भाऊ, थँक्यू रे. पण कोंबडी जरा चिवट होती."

बोंबला! मार्था जिन्यातच बसली. मला वाटलं, आता ही ओरडणार. पण ती डोळे पुसून उठली आणि उरलेलं रांधायला लागली. भाजलेली रताळी, लाल भोपळा, बटाटे, कोकमाचं गोड सार. सासूबाई वर जाऊन बघून आल्या आणि चकित होऊन मला म्हणाल्या, "गो किशोरी, यांचा सन नाय हा. हा तर उपास हाय!" आणि स्वतःहून दाण्याचा कूट पाठवला.

संध्याकाळी पोथी झाली, नैवेद्य झाला, उपास सुटला आणि आम्ही वर गेलो. मोठा साहेब आणि त्याची बायको टेबलाच्या टोकाला. त्याने टर्कीची चौकशी केली. जोएल साहेबांनी खरं ते सांगितलं. मग माणसांची चौकशी केली. जोएल साहेबांनी तिथेही खरंच सांगितलं, "एकही नाही." मोठा साहेब रताळ्याकडे बघत राहिला.

मग त्यांचा रिवाज. जेवणाआधी प्रत्येकाने कशाबद्दल आभार मानतो ते सांगायचं. मोठ्या साहेबाच्या बायकोने विमान सुखरूप उतरल्याचे मानले. मार्थाने शेजाऱ्यांचे मानले आणि रडली. निकेश "सेम टू यू" म्हणाला. अंकिताने असं फर्डं इंग्रजी झाडलं, की मोठ्या साहेबाने मान डोलावून टाळी वाजवली. माझी छाती फुगली, उगाच नाही म्हणत.

मग तो सासूबाईंकडे वळला. "या बाईंना विचारा, आमच्या माणसांनी इथे चार वर्षं जे केलं, त्याबद्दल त्यांना काय म्हणायचंय?"

हॅनाने विचारलं, "आये, तो बोलतंय आमचं आभार मान."

मला वाटलं, आई आता तरी गोड बोला. दोन शब्द. पोर राहील तुमच्याजवळ. पण सासूबाई बिथरल्या. "आभार? कनाला? आभार परक्याचं मानतात. जेवाला घातलं तं आभार, इस्टेशनचा रस्ता दावला तं आभार. घरच्याचं कोन मानतं? ही माजी हाय. हिचा बाप माजा, हिची आयस माजी. त्यांचं आभार मानू तं ती परकी जाली ना? तुमचं मानते हो साहेब, लांबून आलाव. त्यांचं नाय मानायची."

जोएल साहेबांना सगळं कळलं. त्यांनी डोळ्यांवर हात धरला. मोठ्या साहेबाने हॅनाकडे पाहिलं. एवढ्या भाषणाचं पाच वर्षांच्या पोरीने काय करावं? तिने शेवटचं तेवढं चोख सांगितलं. "ती म्हणते, तुमचे आभार मानते. आमचे मानणार नाही."

मी मध्ये पडले, माझ्या बँकेतल्या इंग्रजीत समजावू लागले, की इट इज अवर कस्टम, नो थँक यू इन हाऊस. जितकं समजावलं तितका तो माणूस गार होत गेला. शेवटी म्हणाला, "चार वर्षांनंतर एक साधा आभाराचा शब्दही नाही. मला जे बघायचं होतं ते दिसलं." खरं सांगू? त्याने ते विमानातच ठरवलं असणार. त्याला फक्त वाक्य हवं होतं, ते आम्ही पुरवलं.

फेब्रुवारीत ते कुटुंब अमेरिकेला परतलं. सासूबाईंनी पोरीला सुक्या कोळंबीची सोडं बांधून दिली. विमानतळावर काढून घेतील असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, "काडूदे. त्याचं पन त्वांड चालंल." गाडी वळेपर्यंत उभ्या राहिल्या, मग गोठ्यात गेल्या. हॅना पहिले काही दिवस व्हिडिओवर यायची. मग तिची शाळा सुरू झाली, वेळ जुळेना.

सासूबाई म्हशीशी बोलायच्या तेवढ्याच. मी अंकिताला म्हटलं, "जरा बस आजीजवळ." ती म्हणाली, "मम्मा, बोलू काय? मला त्यांचं कळत नाही."

परवा रविवारी मी भाकऱ्या थापत होते. सासूबाई ताट वाढून ओटीवर बसल्या होत्या. अंकिता कानात इअरफोन लावून समोरून गेली. सासूबाईंनी तिला हाक मारली. तिने वळून पाहिलं. सासूबाईंनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. जिने कचेरीत शब्द बदलला नाही, मोठ्या साहेबापुढे बदलला नाही, ती माझी सासू शेजारची जागा हाताने झाडून नातीला म्हणाली, "अंकिता. कम. सिट. ईट."

अंकिताला कौतुक वाटलं. "मम्मा, आजी इंग्लिश बोलली!" असं ओरडत ती खाली बसली आणि जेवली. तव्यावरची माझी भाकरी जळली. मी तशीच उभी राहिले.