पासबुकाची चार पानं

नोकरीतली बरीच प्रकरणं मी विसरले. हे विसरले नाही, कारण ह्यात चूक माझीही होती.

सकाळची हजेरी नुकतीच झाली होती. मी तेव्हा हवालदार होते, त्या दिवशी ठाणे अंमलदाराच्या टेबलावर बसले होते. पंचविशीची एक बाई आत आली. तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक चप्पल काढून माझ्यापुढे ठेवली. डाव्या पायाची, अंगठ्याला काळ्या दोऱ्यानं टाके घातलेले.

"टेबलावर चप्पल ठेवतात का गं?" मी म्हणाले.

"बाई, ही माझीच हाय. नवऱ्याच्या घरी राह्यली व्हती. आज दार उघडलं तर उंबऱ्यावर."

तिला खुर्ची दिली. तिनं ती ओढून भिंतीला लावली आणि दाराकडे तोंड करून बसली.

ती आंबेगावच्या डोंगराकडची. नवऱ्यानं तिचा हात चुलीत धरला होता. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी आकसलेली होती. तो जामिनावर सुटून घरी आला, त्याच दिवशी ती भाताच्या खाचरांतून पळाली. एक चप्पल घरीच राहिली. वर्षभर राजुरीत खोली घेऊन एका दवाखान्यात काम करत होती. नवीन सिम घेतलेलं. आईलासुद्धा पत्ता दिलेला नव्हता.

"पुढच्या येळी पेटवीन म्हणला व्हता," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. त्याचीच मला भीती वाटली.

साहेब म्हणाले, "चप्पल ठेवणं कुठल्या कलमात बसतं? अदखलपात्र नोंद करा." नोंद केली. तिला ठाण्यातच बसवलं आणि पत्ता कुठून फुटला असेल ते एकेक विचारत गेले. दवाखान्यात गावाचं नाव खोटं सांगितलेलं. फोटो कुठं टाकलेला नाही.

"कागद कुणाला दिलेस?"

"घरमालकाला. आधार, पगाराची चिठ्ठी, पासबुकाची झेरॉक्स. सहा महिन्यांच्या नोंदी बी मागितल्या. पोलिसांचा नियम हाय म्हणले."

मी फार शिकलेली नाही, पण भाडेकरूचा फॉर्म मला पाठ होता. त्यात बँकेचं काही नव्हतं.

राजुरीला गेले. घरमालक साठीचा, द्राक्षबागायतदार, गळ्यात माळ. कपाटातून फाईल काढून पुढे ठेवली. प्रत्येक भाडेकरूचे कागद टाचणी लावून, नीट.

"पासबुक कशाला लागतं तुम्हाला?"

"मॅडम, मागचा एक भाडेकरू न सांगता पळाला. आन् तुमीच ग्रामसभेत माईकवरून म्हणला व्हता, सगळी माहिती घ्या, काही सोडू नका."

म्हणाले होते. शब्द माझेच होते.

"हे कुणाला दाखवलंत?"

"चहा घ्या ना."

"घेतला. कुणाला दाखवलंत?"

"अजून अर्धा घ्या."

ज्याला काही सांगायचं राहिलेलं असतं तो दुसरा चहा विचारतो, हे मी नोकरीत शिकले. मी कप पालथा घातला आणि फाईल माझ्याकडे ओढली. तेव्हा तो बोलला.

"बेल्ह्याच्या बैलबाजारात एक व्यापारी हाय. डोंगराकडची गावं त्याला तोंडपाठ. एकटी बाई, म्हणून त्याला कागदांचे फोटू पाठवले. चांगल्या घरची हाय का, एवढंच इचारलं."

आमच्याकडे सोयरीक जुळवायच्या आधी पावण्यांत चौकशी करतात, तशी त्यानं भाडेकरूची केली. त्याला ह्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मी त्या व्यापाऱ्याला फोन लावायला सांगितला, आवाज मोठा करून.

"त्या बाईचं काय झालं, राव?" घरमालकानं विचारलं.

"आरं, चांगलं झालं. पासबुकावर वारसदार म्हणून नवऱ्याचं नाव व्हतं, त्यालाच गाठला. बायको रुसून गेलीय म्हणला. लई रडला फोनवर. पत्ता दिला, कागदं बी पाठवली. संसार जुळंल बिचाऱ्याचा."

घरमालकानं फोन चालूच बाजूला ठेवला. पलीकडचा हॅलो हॅलो करत राहिला.

मी पासबुकाची पानं पुन्हा पाहिली. दर महिन्याच्या सात तारखेला पैसे काढलेले. एटीएम तेच, आळेफाट्याचं. हीच पानं आता नवऱ्याकडेही होती. उद्या सात होती. खोलीवर घरमालकाची माणसं असतात. एटीएमपाशी ती एकटी असणार.

साहेबांना पानं दाखवली. ह्या वेळी त्यांनी कलम विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत आम्ही चौघे तिथं थांबलो. तिला ठाण्यातून हलवलंच नाही. तिच्याकडून ओळख पटवलेला नवऱ्याचा फोटो माझ्याकडे होता. अकरा वाजता तो मोटारसायकलवर आला, समोरच्या टपरीवर बसला. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले. मला उगाच वाटत होतं, चारचौघांसारखा दिसणार नाही. अगदी चारचौघांसारखा होता.

धरला तेव्हा म्हणाला, "बायकोला न्यायला आलोय, मॅडम. भांडणं कुणाची व्हत न्हाईत?"

गाडीला लटकवलेल्या पिशवीत दोन लिटरची बाटली निघाली, पेट्रोलनं भरलेली.

"गाडीसाठी हाय," तो म्हणाला.

गाडीची टाकी काठोकाठ भरलेली होती. खिशात पासबुकाच्या पानांची झेरॉक्स होती. सहा नोंदींखाली पेनानं रेघा मारल्या होत्या, पट्टी लावून, सरळ. पंचनाम्यात त्या कागदाची नोंद मी स्वतः केली.

पुढच्या ग्रामसभेत मी पुन्हा माईक घेतला. नाव, फोटो, मूळ पत्ता, ओळखीचा कागद, एवढंच घ्या आणि ठाण्यात आणून द्या. पासबुक मागायचं नाही, घेतलेलं असेल तर परत करा. एकजण मागून म्हणाला, "मागच्या येळी उलटं सांगितलं व्हतं." मी म्हणाले, "हो. तेव्हा मी चुकले."

हे प्रकरण मला एवढंच शिकवून गेलं. नवरा वगळला, तर त्या बाईचं वाईट करायचं कुणाच्याच मनात नव्हतं. माझ्या नाही, घरमालकाच्या नाही, त्या व्यापाऱ्याच्याही नाही. तरी आम्ही तिघांनी मिळून त्याला तिच्या दारापर्यंत नेऊन सोडलं होतं.

खोली सोडताना ती ठाण्यात आली. घरमालकानं परत केलेले कागद तिच्या हातात होते. चप्पल मुद्देमालात जमा होती, ती तिनं मागितली नाही.

"आता खोली कुठं घेतलीस?" मी सवयीनं विचारलं.

तिनं कागद पिशवीत घातले आणि दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "बाई, राग मानू नका. तुमाला न्हाई सांगायची."

मी डायरी मिटली.