मानकऱ्यांच्या फलकावर मी नाही

धाराशिवच्या आमच्या कॉन्व्हेंट शाळेला पन्नास वर्षं झाली, तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी एक फलक लावायचं ठरवलं. एका बाजूला नाव काढलेली मुलं, दुसऱ्या बाजूला शिक्षक. मुलांत दोन सर्जन होते, एक पोलीस अधिकारी होता, भूमला ट्रॅक्टरची शोरूम काढलेला एक होता. मी नव्हतो.

मी तीन पुस्तकं लिहिली आहेत आणि त्याचा मला नको तेवढा अभिमान आहे. समितीचा प्रमुख माझाच वर्गमित्र, आता दातांचा डॉक्टर. त्याला विचारलं तर म्हणाला, "पुस्तकं लई भारी हायेत रे, पण नावाखाली हुद्दा काय लिहायचा?" शाळेत हा माझ्या वहीतून निबंध उतरवायचा. माझा राग अजून पुरता गेलेला नाही.

मग मी वशिला लावायचं ठरवलं. आमच्या जुन्या मुख्याध्यापिका, केरळच्या सिस्टर, समारंभासाठी आल्या होत्या. आम्हाला इंग्रजी शिकवता शिकवता त्या आमची मराठी शिकल्या. आमचं इंग्रजी केरळी वळणाचं झालं आणि त्यांची मराठी अस्सल तुळजापूर तालुक्याची. शिक्षकांच्या रांगेत त्यांचं नाव सगळ्यात वर होतं. त्यांनी शब्द टाकला असता तर त्या दातवाल्याची काय बिशाद होती.

शाळेमागं त्या उतरल्या होत्या, त्या खोलीवर जाऊन मी नाव सांगितलं. त्यांनी चष्मा लावला आणि उशाजवळची प्रार्थनेची वही काढली. ज्याचं काही अडलंय त्याचं नाव वहीत लिहायचं, रोज सकाळी त्याच्यासाठी प्रार्थना करायची आणि काम झाल्याचं कळलं की नाव खोडायचं, ही त्यांची जुनी पद्धत. सर्जन, पोलीस, ट्रॅक्टरवाला केव्हाच खोडले गेले होते. माझं नाव तसंच होतं.

"तू दहावीला गणितात पास झालास का न्हाय?" त्यांनी विचारलं.

पूर्वपरीक्षेत मी गणितात आपटलो होतो आणि त्यांच्यापुढं रडलो होतो. मे महिन्यात त्यांची बदली झाली. निकाल लागला की पत्र लिहितो, असं मी म्हणालो होतो. ते तीस वर्षं राहून गेलं.

"झालो, सिस्टर. सदतीस मार्क पडले."

"मग कळवायचं न्हाय व्हय? रोज मागत होते मी."

"पण मी पुस्तकं लिहितो, हे तुम्हाला कळलं नव्हतं?"

"कळलं की. पुस्तकं लिहायला गणित कशाला लागतंय?"

मला फार लाज वाटली. फलकाचा विषय तोंडातच राहिला. त्यांनी पेन उघडलं, तसा मी म्हणालो, "सिस्टर, खोडू नका."

"का? अजून काय अडलंय?"

 

"काही नाही. पण असू द्या."

"उगं देवाला तरास द्यायचा न्हाय," असं म्हणून त्यांनी पट्टी लावली आणि सरळ रेघ ओढली.

तीस वर्षं रोज सकाळी कुणीतरी माझं नाव घेत होतं, हे मला ज्या दिवशी कळलं, त्याच दिवशी ते बंद झालं.