आईला चष्मा हवा होता

१९ नोव्हेंबर. रक्कम एक लाख बहात्तर हजार रुपये, दोन्ही डोळ्यांची मिळून. हजर होतो मी, माझी आई, डोळ्यांच्या एका मोठ्या दवाखान्यातल्या समुपदेशक बाई आणि मोबाइलच्या पडद्यावर पुण्याचा माझा धाकटा भाऊ. डॉक्टर हजर नव्हते. आईचे डोळे बघून "दोनों में मोतियाबिंद है, बाकी मॅडम समझा देंगी" एवढं सांगून ते पुढच्या पेशंटकडे गेले होते.

मी सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात खरेदी बघतो. माल विकायला आलेला माणूस "तुम्हाला काय करायचंय?" हे न विचारता "बजेट किती आहे?" असं विचारायला लागला की मी त्याला चहा पाजून वाटेला लावतो. इथे तर आईला खुर्चीत नीट बसूही दिलं नव्हतं, तोच बाईंनी विचारलं, "सर, मेडिक्लेम है ना?"

मी म्हटलं, आहे. कंपनीची पॉलिसी, एका डोळ्याचे चाळीस हजार देते.

बाईंनी एक चकचकीत कार्ड पुढे सरकवलं. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. जणू लग्नाच्या हॉलचं पॅकेज. सगळ्यांत खाली, बारीक अक्षरात, साधी लेन्स : चाळीस हजार. आदल्या दिवशी मी फोनवर चौकशी केली होती, तेव्हा हीच लेन्स ऑपरेशनसकट चोवीस हजारांची होती. मी तसं म्हणालो.

"सर, वो कॅश का रेट था."

"लेन्स वही है?"

"लेन्स तो वही है सर. पर आपकी जेब से थोड़ी जा रहा है."

हे त्यांनी हसून सांगितलं, जशी काही माझ्यावर मेहेरबानीच. त्या हसण्याची मला अजून किळस येते. मागे भिंतीवर टीव्ही होता आणि त्यात पांढऱ्या केसांचा एक तुकतुकीत म्हातारा चष्मा हवेत भिरकावून नातीबरोबर नाचत होता. ती जाहिरात संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. समोरच्या बाकांवर औषध घातलेले म्हातारे डोळे मिटून, मान मागे टाकून ओळीने बसले होते. त्यांच्यातल्या कुणालाच तो टीव्ही दिसत नव्हता. तो त्यांच्या मुलांसाठी होता.

बाईंचं म्हणणं प्लॅटिनम घ्यावी. एका डोळ्याचे शहाऐंशी हजार. दूरचं, मधलं, जवळचं, सगळं बिनचष्म्याचं. दोन्ही डोळे पंधरवड्याच्या आत. "मम्मी के लिए तो बेस्ट ही लेंगे ना सर?"

पुण्याहून भाऊ म्हणाला, "दादा, बेस्टच घे रे. पैशाचं बघू आपण." कॅमेऱ्यात त्याचा अर्धाच चेहरा दिसत होता, तो ऑफिसात चालत चालत बोलत होता. आई त्याला जन्मभर बिचारा म्हणत आली आहे. मला त्या क्षणी तो त्या टीव्हीतल्या म्हाताऱ्यासारखाच वाटला.

आता आईच्या डोळ्यांबद्दल सांगायला हवं, कारण तिथे कुणीच ते विचारलं नाही. आईला लहानपणापासून लांबचं दिसत नाही. उणे पाच नंबर. चष्म्याशिवाय तिला दारात उभा असलेला माणूस म्हणजे नुसता रंग. पण तोच चष्मा काढून वस्तू नाकापासून एक वीतभर अंतरावर धरली, की तिला जे दिसतं ते आमच्या घरात कुणालाच दिसत नाही. आई पोत गुंफते. ओळखीपाळखीत लग्न ठरलं की काळे मणी आमच्याकडे येतात. मोहरीहून बारीक, त्यांतून पातळ तारेची सुई आणि दुहेरी रेशमी दोरा. चष्मा कपाळावर, हात नाकापाशी. शाळेतली नोकरी संपल्यापासून आईचा दिवस या वीतभर जागेत जातो. मोतीबिंदूमुळे गेल्या वर्षापासून तिथेही धुरकट झालं होतं आणि दोन पोती तिने दोरा चुकला म्हणून उसवल्या होत्या. आम्ही आलो होतो ते या वीतभर जागेसाठी.

"माताजी," बाई आईकडे वळल्या, "आपका चश्मा हमेशा के लिए हट जाएगा!"

आई म्हणाली, "किसने बोला हटाना है?"

बाई थोड्या गडबडल्या. "मतलब... सबको हटाना होता है."

"मला चष्मा चालतो. साठ वर्षं चालतोय." मग हात नाकापाशी धरून, "यहाँ दिखेगा क्या? इतने पास?"

"मोबाइल आराम से दिखेगा माताजी."

"मोबाइल का कहाँ पूछा मैंने? यहाँ का पूछ रही हूँ."

बाईंनी कार्ड उलटसुलट पाहिलं. कार्डावर तो रकाना नव्हता. लेन्समधलं जवळचं म्हणजे हातभर लांबचं, पुस्तकाचं, फोनचं. मी साध्या लेन्सबद्दल विचारलं, तर ती दूरचं दिसण्यासाठीच बसवतात, जवळच्याला वेगळा चष्मा. म्हणजे कोणतीही घेतली तरी आईची ती जागा जाणार होती आणि परत येणार नव्हती. मी आईचं काम समजावून सांगितलं. बाई गोड हसल्या.

"अब इस उमर में मोती थोड़ी पिरोने हैं माताजी. आराम करो, टीवी देखो."

आई उठली. डोळ्यांत औषध असल्याने तिला दार दिसत नव्हतं, ती भिंतीकडेच निघाली होती. मी हात धरला. तपासणीचे अठराशे आधीच भरले होते, ते गेले. बाहेर रिक्षात ती पदराने डोळ्यांतलं पाणी टिपत म्हणाली, "अरे, त्या बाईने माझ्या डोळ्यांत एकदा तरी बघितलं का? सगळा वेळ तुझ्या खिशात बघत होती."

त्या रात्री भावाचा मेसेज आला : फायनल झालं का?

पुढच्या आठवड्यात पोलोग्राउंडच्या बाजूला दोन खोल्यांचा एक जुना दवाखाना आहे, तिथे गेलो. पंखा खडखडत होता, खुर्च्यांचं रेक्झिन फाटलेलं होतं, आणि डॉक्टर चिडके. आधीच्या फाइलमधलं ते चकचकीत कार्ड त्यांनी काढून माझ्याकडे परत फेकलं. मग आईला विचारलं, "दिन भर देखती क्या हो?"

आईने पिशवीतून अर्धी गुंफलेली पोत काढून दाखवली.

"साधी लेन्स इसी हिसाब से डाल सकते हैं," ते म्हणाले. "पर इतना पास नहीं. थोड़ा दूर."

"कितना दूर?"

मग एक सौदा झाला. डॉक्टर फूटभर म्हणत होते, आई वितीच्या पुढे दोन बोटं. शेवटी वीत आणि चार बोटांवर ठरला. डॉक्टरांनी बजावलं की नजर तिथेच पक्की राहील, इकडेतिकडे हलणार नाही, आणि लांबचा चष्मा मरेपर्यंत. "बाद में मत बोलना कि चश्मा नहीं उतरा."

"नहीं बोलूँगी भिया," आई त्यांना सरळ भैया करून म्हणाली. डॉक्टर पहिल्यांदाच हसले.

भावाला एका डोळ्याचा एकवीस हजारांचा आकडा सांगितला तर तो घाबरला. "एवढं स्वस्त? दादा, आईच्या डोळ्याचा प्रश्न आहे." एक लाख बहात्तर हजारांना त्याला एकही प्रश्न पडला नव्हता. मी फोन आईच्या हातात दिला. ती म्हणाली, "तू तुझं काम कर. डोळा माझा आहे."

आधी उजवा डोळा केला. पट्टी काढल्यावर काही दिवस ती नुसता हात नाकापाशी धरून मागेपुढे करून बघायची, आणि यातलं काहीच मागे फिरवता येत नाही. मग एका दुपारी तिने माझ्या बायकोला जवळ बोलावलं आणि तिचं मंगळसूत्र हातात घेतलं. "शी गं! केवढा हा मळ मण्यांच्या मध्ये! हे घालून फिरतेस?" बायको म्हणाली, "तुम्हीच गुंफलंय, आई." "मी गुंफलं होतं, धुवायचं कोणी?" ते तिने त्याच दिवशी उसवून नव्याने ओवलं. वीत आणि चार बोटांवर.

मोठ्या दवाखान्याकडून अजून मेसेज येतात : प्लॅटिनमवर सूट, फक्त ज्येष्ठांसाठी. पाहिला की हात धुवावेसे वाटतात.

डावा डोळा उन्हाळ्याआधी करू. नवा लांबचा चष्मा करायला गेलो तेव्हा चष्मेवाल्यानेही चौदा हजारांची काच पुढे केली. आईने फ्रेम जुनीच ठेवली, उजवी काच तेवढी बदलून घेतली. दवाखाना पॉलिसीच्या यादीत नव्हता, त्यामुळे सगळं घरातून गेलं. शेवटी दिलं ते असं : पोलोग्राउंडच्या डॉक्टरांना एकवीस हजार, चेकने. औषधवाल्याला सहाशे चाळीस. चष्मेवाल्याला एका काचेचे सातशे, रोख, आईने स्वतःच्या पेन्शनमधून.