दीड फुटावर एक रिंग

माझ्या धाकट्या दिराला सगळे ‘आकडी’ म्हणत, कारण तार पिळायची लोखंडी आकडी त्याच्या कमरेला कायम खोचलेली असे, जेवतानासुद्धा. इमारतींच्या खांबांतल्या सळया बांधणं हे त्याचं काम. उभ्या सळयांभोवती लोखंडी रिंगा घालायच्या आणि प्रत्येक सांधा तारेने आवळायचा. त्याच्यासारखा हात कुणाचा चालत नसे. दोन गड्यांचं काम एकटा दुपारपर्यंत उरकायचा आणि वर फुशारकी मारायचा, "वहिनी, माझे खांब शंभर वर्षं टिकतील. तुमचा स्वयंपाक तासभर टिकत नाही."

"तुम्ही टिकू द्याल तर ना!" मी म्हणायचे. आम्ही राहायचो त्या चार मजली इमारतीच्या सळयाही त्याच्याच हातच्या.

‘पायाखालची जमीन सरकली’ असं मी आजवर हजारदा म्हटलं असेन, उगाचच. त्या दिवशी सकाळी अकराला ती खरोखरच सरकली. मी आणि माझी सहा वर्षांची भुंगी समोरच्या दुकानात होतो. सारखी भुणभुण प्रश्न विचारते म्हणून ती भुंगी. आमच्या देखत तळमजल्याचे खांब फुटले आणि वरचे तिन्ही मजले धाडकन खाली बसले. धुळीतून किंकाळ्या येत होत्या. मग एकेक करून त्याही थांबल्या. सासूबाई आत होत्या.

त्यांना काढायला दोन दिवस लागले. सळया कापत कापत आकडीनेच आपल्या आईला ओढून काढलं. कमरेखाली काही उरलं नव्हतं. नंतर तो एका फुटक्या खांबापाशी जाऊन भडाभडा ओकला. मला वाटलं, आईला तसं पाहून.

आम्हाला शाळेच्या हॉलमध्ये ठेवलं होतं. भुंगी अन्नाला शिवेना. तिसऱ्या दिवशी दुपारी पाहते तर ही स्वतःचं मनगट चावतेय, रक्त येईपर्यंत. मी तिच्या दोन थोबाडीत ठेवून दिल्या. सांगायला लाज वाटते, पण दिल्या. तेव्हा कुठे ती बोलली. त्या सकाळी आजीने पाठीत धपाटा घातला होता, आणि ही देवाला म्हणाली होती, आजी मरू दे.

"देवाने माझं ऐकलं ना, आई?"

"देव असलं काही ऐकत नसतो."

"मग आपण रोज त्याला सांगतो कशाला?"

शेजारची म्हातारी कळवळून म्हणाली, "बाळ, देव तारी त्याला कोण मारी!"

"मग आजीला का नाही तारलं? मी सांगितलं म्हणून?" आणि मनगट पुन्हा तोंडात. मला वाटलं, ही पोर स्वतःला खाऊन टाकणार.

आईला काढल्यापासून आकडी भिंतीशी बसून होता. तो उठला, तिच्यापुढे येऊन बसला. तो तिचं मनगट सोडवत असताना तिने त्याचं बोट कडाडून चावलं, तरी त्याने सोडवलंच.

"जमीन कुणाचं ऐकून हलत नाही, भुंगे. ती हलली. पण घर मी पाडलं."

हॉलमधल्या माना त्याच्याकडे वळल्या.

"खांबात वीतभर अंतरावर रिंग लागते. मी दीड फुटावर एक घातली. रिंगेची टोकं आत वळवायची असतात, मी सरळ सोडली. जमीन हलली की अशा रिंगा उघडतात, सळया बाहेर पडतात."

"तुला माहीत होतं?"

"हो. पण सगळे म्हणायचे, काय हात आहे याचा! ते मला गोड लागायचं."

भुंगीच्या बाबांनी त्याला केसांना धरून फरफटत नेलं. सख्खा भाऊ, पण लाथा घालताना ह्यांना काही दिसत नव्हतं. जिची दोन मुलं गेली होती, ती बाई चप्पल घेऊन धावली. मग कोण कुणाला अडवणार! त्याची कमरेची आकडी उपसून कुणीतरी त्याच्याच तोंडावर मारली. मीही मारलं. त्याने एकदाही हात वर केला नाही. पाय मोडल्याचा आवाज झाला तेव्हा सगळे थांबले.

भुंगी खांबाकडे बघत होती. "काका, ह्या हॉलचे खांब कुणी बांधले?"

त्याने रक्त थुंकलं. "मीच."

एकच पळापळ झाली. जमीन अजून अधूनमधून हलतच होती. अंथरुणं, पोरं, म्हातारे, सगळे मैदानात. मी भुंगीला काखोटीला मारून धावले. बाहेर श्वास घेते न घेते, तोच तिने माझा पदर ओढला.

"काका आत आहे."

"राहू दे," मी म्हणाले. खरंच तसं म्हणाले, आणि मनापासून.

"आई, आता तो आत मेला, तर त्याला कुणी मारलं? देवाने की आपण?"

हे शेजारीच उभे होते, मुठी अजून रक्ताने माखलेल्या. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. आत गेलो. त्याचा एक हात मी धरला, दुसरा त्याच्या भावाने.