काळ्या गाळाचा बोअर

बिडकीनचा पुंजाराम बोअरमध्ये अडकलेल्या मोटारी काढायचा. त्याच्यासोबत जाता जाता त्याच्या बायकोला, सारजाबाईला, वेगळाच नाद लागला. वरची माती ढासळू नये म्हणून बोअरला बसवलेला लोखंडी केसिंग पाइप जमिनीत कुठं सडला, हे ती वर बसून सांगायची. पाण्यातला गाळ तळहातावर चोळायची. काळी माती निघाली तर भोक वरच्या दहा फुटांत. पिवळा मुरूम निघाला तर त्याच्याखाली.

पाचोडच्या आप्पासाहेबांचा बोअर बाहत्तर सालचा. तो गाळ ओकू लागला तेव्हा मोसंबी फळावर होती. मोटार बंद ठेवावी तर बाग वाळणार, चालवावी तर सडका पाइप ढासळून मोटार कायमची गाडली जाणार.

सारजाबाईनं गाळ चोळला. "काळी हाय. भोक वरच हाय, आप्पा. भवताली खांदा."

दहा फूट खड्डा झाला. पाइप ठणठणीत निघाला.

"आता काय पाताळापतूर खांदायचं, सारजाबाई?" आप्पासाहेब कडाडले.

"चल घरी, लई शोभा झाली," पुंजाराम कुजबुजला.

पण ती खड्ड्यात उतरली होती. खाली भिंतीला पिवळा मुरूम दिसत होता, पाइपला बिलगून मात्र चार बोटं काळीच माती. तिनं ती खिळ्यानं उकरली. आतही काळीच.

"आप्पा, बोअर घेतला तवा पाइपाभवतीची फट कशानं भरली?"

"खडी कोन आनतंय? वावरातली माती लोटली की."

"कोनी?"

"मीच. फावड्यानं."

"मंग खालपतूर काळीच आसंल! भोक कुठंबी आसलं तरी गाळ काळाच येनार. चुकलंच माझं." आणि ती चक्क हसली.

पुंजारामनं मोटार वर ओढली. सारजाबाईनं आरशानं ऊन बोअरात सोडलं आणि कवडसा हळूहळू खाली नेला. पंचवीस फुटांवर, जिथं पावसाळ्यात पाणी चढतं आणि उन्हाळ्यात उतरतं, तिथं गंजून पाइपची चाळणी झाली होती.

आतून खडकापर्यंत प्लास्टिकचा पाइप सोडला. दुसऱ्या दिवशी मोसंबीच्या आळ्यांत पाणी पोचलं. आधी गढूळ, मग नितळ.

आप्पासाहेब जरा घुटमळले. "वरल्या मळ्यातला बोअरबी तवाचाच हाय. त्यो किती वर्सं टिकंल?"

"त्याची फट कोनी भरली?"

"थोरल्या भावानं."

"मंग चला, आधी त्यास्नीच इचारू," म्हणत सारजाबाई निघालीसुद्धा.