बाप पळाला, आई वारली

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या ताईंना गल्लीत सगळे ‘मशीनताई’ म्हणतात. कुणी बंद मशीन घेऊन आलं की त्या आधी त्यालाच झापतात, “तेल कधी घातलं होतं? लग्नात?” आणि मग मशीन असं पळवून दाखवतात की गिऱ्हाईक गपगुमान जातं. हरवलेला माणूस शोधायचं ठरवलं, तेव्हाही त्यांचा तोरा तोच. “माणूसच आहे ना? सुई नाही. सापडेल.”

हा माणूस म्हणजे त्यांचे आजोबा. ताईंचे वडील तान्हे होते तेव्हा आजोबा बोटीने परदेशी गेले आणि तिकडचेच झाले, त्या धक्क्याने आजी वारली, असं घरात सगळे सांगत. वडील काकांकडे वाढले. ऐंशी गाठली तरी बापाचं नाव काढलं की म्हातारा पेटायचा. “पळपुटा कुठला! माझ्या आईला खाल्लं त्याने!” आता हृदय थकलं होतं, आणि बापाचं तिकडे काय झालं ते कळल्याशिवाय जायचं नाही, असा त्यांनी हट्टच धरला होता.

ताई त्या देशात जाणाऱ्या प्रत्येकाच्या मागे लागल्या. निरोप एकच यायचा, असा कुणी इथे आलाच नाही. दुसरी असती तर तिने हात टेकले असते. ताई वैतागल्या, “आलाच नाही म्हणजे काय, वाटेत विरघळला?” आणि मग त्यांना सुचलं, गेलाच नसेल तर?

काकांच्या त्या घरातली आता एकच जिवंत होती, वडिलांची थोरली चुलतबहीण. आत्याबाईंनी आधी उडवाउडवी केली. ताई ठाण मांडून बसल्या तेव्हा कुठे त्यांनी तोंड उघडलं.

“बाप तापाने गेला गं. बोटीने गेली ती आई, शिवणकाम करायला. विधवा बाई, आमच्या घरात तिला कोण सुखाने जगू देत होतं? पोराला इथे ठेवून जा म्हणाले, त्यांना वाटलं, पोरासाठी तरी थांबेल. ती गेली. आई सोडून गेली, हे पोराला कुठल्या तोंडाने सांगायचं? म्हणून बाप पळाला, आई वारली, असं मोठ्यांनी ठरवलं.”

ताईंनी कपाळावर हात मारला. इतके दिवस आपण पुरुषच शोधत होतो! मशीनचे सुटे भाग पाठवणारा तिकडचा व्यापारी ओळखीचा होता. त्याला जुन्या शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या घरी चौकशी करायला सांगितलं आणि पत्ता लागला. आजी कधीच गेली होती, पण तिकडे तिने पुन्हा संसार मांडला होता आणि तिची मुलगी हयात होती.

घरचे म्हणाले, सांगू नकोस, म्हातारा कोसळेल. ताई म्हणाल्या, “ते माझे वडील आहेत, काचेचं भांडं नाही.” त्यांनी चहा दिला आणि सरळ सांगून टाकलं.

वडिलांनी कप बाजूला ठेवला. मग ढसाढसा रडले. “बिचारा मरून पडला होता आणि मी जन्मभर त्याचा उद्धार करत बसलो!”

ताई पहिल्यांदाच घाबरल्या. “बाबा, आता आजीवर रागावू नका.”

“रागावू कशाने? होत्या नव्हत्या तेवढ्या शिव्या बापावर संपवल्या,” वडील नाक पुसत म्हणाले. “फोन लाव.”

पडद्यावर पांढऱ्या केसांची, किडकिडीत बाई आली. चष्मा सावरत तिने डोळे भरून पाहिलं आणि आईकडून शिकलेल्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, “दादा?”

काकांच्या घरात सगळ्यांत धाकट्या असलेल्या त्या म्हाताऱ्याला आजवर कुणी दादा म्हटलं नव्हतं. त्यांनी घसा खाकरला, पाठ ताठ केली आणि दरडावून विचारलं, “इतकी वाळलीस का गं? जेवतेस ना वेळेवर?”