मायच्या डब्यातल्या गोळ्या

अड्याळला आमच्या माहेरी महालक्ष्म्या बसायच्या आधी माय तिच्या कुंकवाच्या डब्यातून गोळ्या काढायची. पाळी पुढे ढकलायच्या. मेडिकलवाला काही न विचारता द्यायचा आणि माय त्या प्रसादासारख्या वाटायची. सोळा भाज्या चिरायला बायका कमी पडू नयेत, एवढाच त्यातला धर्म.

मी सव्वीस वर्षांची असताना, ऐन महालक्ष्म्यांच्या सकाळी आंबील ढवळत होते आणि उजव्या डोळ्यापुढे काळा पडदा आला. दुखलं नाही, खुपलं नाही. डावा डोळा झाकून पाहिलं तर अख्खं घर गायब, महालक्ष्म्यांसकट.

"नजर लागली तुले," माय म्हणाली. "एवढं नटाले कोणं सांगतलं होतं?"

मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या, डोळ्यात गुलाबपाणी घालून झालं. देवी जेवल्या आणि मगच मी नागपूरला पोचले. डोळ्याच्या धमनीत रक्ताची गुठळी अडकली होती. अशा वेळी ताबडतोब यायचं असतं, असं डॉक्टर म्हणाले. डोळा गेला तो गेलाच. मी खूप रडले, आणि रडायला मात्र दोन्ही डोळे तयार होते.

तपासण्यांत कळलं, की रक्त लवकर गोठायची माझी खोड जन्मजात आहे आणि तिला या गोळ्यांनी हातभार लावला. "हे आईकडून नाहीतर वडिलांकडून येतं," असं डॉक्टर बोलून गेले आणि आमच्या घरात युद्ध पेटलं.

"तुमच्याच घरचं हाय हे," माय बाबांना म्हणायची. "तुमच्या खानदानात सारंच घट्ट. रक्त काय अन् हात काय!"

मग सगळ्यांचं रक्त तपासलं. दोष निघाला मायचा, आणि धाकट्या बहिणीतही उतरलेला. त्या दिवशी बाबा शीळ घालत धानाच्या बांधीत गेले. मायशी भांडून ते पहिल्यांदाच जिंकले होते, तेही तोंड न उघडता.

पुढच्या उन्हाळ्यात बहिणीचं लग्न ठरलं आणि मुहूर्त नेमका तिच्या पाळीवर आला. आत्या गोळ्यांची पट्टी घेऊनच हजर झाली.

"एक डाव घेतल्यानं काय होते वो? विटाळात बसवता काय पोरीले मांडवात?"

मायने पट्टी घेतली आणि मुकाट्याने कुंकवाच्या डब्यात ठेवली. मला धडकी भरली. त्या दिवसांत आम्ही लोणच्याच्या बरणीकडे नुसतं पाहिलं तरी ओरडणारी बाई ती. मी बहिणीला एकटीला गाठून दटावलं, "एकही गोळी खाशील तं पाहाय!"

"मायनं हातावर ठेवली तं नाही कशी म्हणू?" ती म्हणाली.

लग्नाच्या सकाळी तिला पाळी आली. मायला कळलं. तिने बहिणीला पिवळं लुगडं नेसवलं, हात धरून थेट देवघरात नेलं, देवाला हळदकुंकू वाहायला लावलं आणि तिथून मांडवात आणून बसवलं.

आत्या खूश. "पाहाय, गोळी लागू पडली ना?"

"पडली तं," माय म्हणाली. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

मग ती माझ्या उजव्या बाजूला, मला दिसत नाही तिथे येऊन उभी राहिली. मी मान वळवायच्या आत कानाशी म्हणाली, "सारी पट्टी चुलीत घातली म्या. देव रुसला तं मनवता येते मले. डोळा नाही आणता येत."